न दिसणारी जकात, बोचणारी घरपट्टी

महाराष्ट्रातल्या दोन नावाजलेल्या मंडयांना महात्मा फुल्यांचं नाव आहे. एक पुण्यातली, दुसरी मुंबईतली. मुंबईच्या मंडईला लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात, पण सरकारी दप्तरात ती महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे. आपल्या शहरांत सार्वजनिक पैशावरून जी पहिली मोठी भांडणं झाली, त्यांतल्या दोन भांडणांशी या दोन इमारतींचा थेट संबंध आहे.

आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. 1865 च्या कायद्याने त्याच्या हाती जवळजवळ सगळा कारभार आला. त्याला विचारणारे होते ते सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’. त्यांतला एकही निवडून आलेला नव्हता. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी नुकतीच कोसळली होती, पेढ्या बुडत होत्या, आणि हा गडी मात्र गटारं काढत, रस्ते रुंद करत, कत्तलखाना वांद्र्याला हलवत सुटला होता. 1869 मध्ये त्याची मंडई उभी राहिली. कामं चांगली होती, हे त्याचे विरोधकही नाकारत नव्हते. पण तिजोरीत खडखडाट झाला, कर वाढले, आणि 1871 मध्ये घरमालक आणि व्यापारी रस्त्यावर आले नसले तरी सभागृहांत आले. क्रॉफर्डला जावं लागलं. त्या गदारोळात सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी एक वेगळाच मुद्दा मांडला: माणूस बदलून काय होणार, कर भरणाऱ्यांना प्रतिनिधी निवडू द्या. त्या दिवशी त्यांची हुर्यो झाली. पण 1872 च्या कायद्यात 64 सभासदांची सभा ठरली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे असं ठरलं. ठरावीक रकमेच्या वर पट्टी भरणाऱ्यालाच मत होतं, म्हणजे लोकशाही म्हणावी अशी ती नव्हती. पण ‘पैसे आमचे, हिशेब आम्हाला’ हे नातं तिथे पहिल्यांदा कायद्यात उतरलं.

दुसरं भांडण पुण्यातलं. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे मोठी मंडई बांधायचा बेत निघाला तेव्हाही त्यांचा विरोध होता आणि कारणही तेच होतं. मंडई झालीच. 1886 मध्ये ती रे मार्केट या नावाने उघडली. आज तिला नाव कुणाचं आहे, ते वर आलंच आहे. ही मंडई बांधू नका म्हणणाऱ्याचं नाव त्याच मंडईच्या कपाळी लावणं हे आपल्याकडच्या सार्वजनिक स्मृतीला साजेसंच म्हणायचं.

ही दोन्ही भांडणं उभी राहिली ती लोकांनी भरलेल्या पट्टीवरून. ‘पट्टी’ हा शब्द जुना आहे. जत्रेसाठी गावात घरटी पैसे गोळा करतात, त्यालाही पट्टी काढणंच म्हणतात. पट्टी म्हटली की कुणी किती दिले हे सगळ्या आळीला ठाऊक असतं, आणि जत्रा झाल्यावर पारावर हिशेब वाचला जातो. घरपट्टी आणि पाणीपट्टीला हाच शब्द चिकटलेला आहे. हिशेब वाचायची पद्धत मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली. ती कशी गळली, याचं उत्तर मुलुंडच्या नाक्यावर सापडतं.

मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी. मुंबईत मालाचा ट्रक शिरायचा तो या नाक्यांवरून. तिथे जकात भरायची आणि मग आत यायचं. शेवटच्या वर्षांत मुंबई महापालिकेला यातून वर्षाला सात हजार कोटींच्या घरात रक्कम मिळायची, घरपट्टीपेक्षाही जास्त. हे पैसे भरले कुणी? मुंबईकरांनीच. डाळीच्या, साबणाच्या, सिमेंटच्या भावात मिसळून भरले. पण एकाही गृहिणीच्या हाती जकातीची पावती कधी पडली नाही. शहर चालवण्याचा सगळ्यात मोठा खर्च शहरातली माणसं नकळत करत होती, म्हणून त्याबद्दल कुणी नगरसेवकाला कधी जाब विचारला नाही. जकात गेली ते बरंच झालं, यात शंका नको. नाक्यावरच्या रांगा, वाया जाणारं डिझेल, हातावर ठेवायच्या नोटा या सगळ्यातून ट्रकवाले सुटले. नगरपरिषदांची जकात 1999 मध्येच उठली होती. महापालिकांमध्ये मधल्या काळात स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. व्यापाऱ्यांनी बंद पाळले आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा तोही माफ झाला. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला, जीएसटीबरोबर संपली.

त्या जागी आली नुकसानभरपाई. राज्याने 2017 मध्ये त्यासाठी वेगळा कायदाच केला: 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के वाढ द्यायची. मुंबईला पहिला हप्ता मिळाला 647 कोटी 34 लाखांचा. नगरपरिषदांना जकातीऐवजी मिळतं ते ‘सहायक अनुदान’. छोट्या शहराच्या मुख्याधिकाऱ्याला विचारा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते: अनुदान जमा झालं का, पगार भागतोय का. अनुदान लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबतो आणि मग कचरा उचलणंही लांबतं. जकात निदान शहराच्या वेशीवर तरी जमा होत होती. आता शहराचा मुख्य पैसा मंत्रालयातून येतो आणि तो कुणाच्या खिशातला आहे हे सांगणं आणखी अवघड झालं आहे. भरपाई वेळेवर मिळाली तरी नगरपालिकेची मान आपोआप वर, मंत्रालयाकडे वळते; खाली गल्लीकडे वळायचं कारण उरत नाही.

याचा सगळ्यात ठळक पुरावा चौकाचौकात टांगलेला असतो. ‘आमदार साहेबांच्या अथक प्रयत्नातून मंजूर, रस्ता काँक्रिटीकरण, निधी अमुक लाख’. हा निधी नगरोत्थानचा असेल, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा असेल, नाहीतर आणखी कुठल्या योजनेचा; म्हणजे तो जनतेच्या कराचाच असतो. पण तो ‘आणलेला’ असतो, माहेराहून आणलेल्या दागिन्यासारखा. ‘तुम्ही भरलेल्या घरपट्टीतून हे गटार बांधलं’ असा फलक मी तरी आजवर कुठे पाहिलेला नाही.

तेव्हा घरपट्टीकडे येऊ. बिल नीट वाचलं तर त्यात एकटी घरपट्टी नसतेच. सर्वसाधारण कर असतो, जलकर आणि जललाभ कर असतो, मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर, महापालिकेचा शिक्षण उपकर. आणि त्याखाली राज्याचा शिक्षण उपकर, तर दुकानांना आणि कार्यालयांना रोजगार हमी उपकरही. हे शेवटचे दोन महापालिका फक्त गोळा करते आणि राज्याला देऊन टाकते. बिल वाढलं की शिव्या मात्र महापालिकेलाच.

आकडा निघतो कसा? जुनी पद्धत भाड्यावरची. घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, वर्षाची रक्कम काढायची, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य. समजा महिना 500 रुपये धरले तर वर्षाचे 6000, वजावट जाता 5400. एकत्रित दर 27 टक्के असेल तर कर 1458 रुपये. गणित सोपं आहे, सगळा घोळ त्या ‘धरले’मध्ये आहे. भाडेनियंत्रणातल्या जुन्या वाड्याचं भाडं पन्नास वर्षांपूर्वीचं धरायचं की आजचं? दक्षिण मुंबईतल्या प्रशस्त पण जुन्या सदनिकेला नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या दोन खोल्यांना भारी कर, असं यातूनच होत गेलं. म्हणून मुंबईने 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली: रेडीरेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, इमारतीचं वय यांवरून कर. बाकी बहुतेक शहरांत अजून भाडेमूल्यच चालतं.

आणि मग सवलती. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला करयोग्य मूल्यात 40 टक्के सूट 1970 पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सूट गेली, थकबाकीच्या नोटिसा आल्या, ओरड झाली आणि 2023 मध्ये सूट परत आली. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2019 मध्ये करमाफी जाहीर झाली, पण प्रत्यक्षात फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बाकीच्या ओळी बिलात तशाच राहिल्या. 1 जानेवारी 2022 पासून पूर्ण माफी झाली. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला हे खरंच. पण माफी म्हणजे पावती बंद, आणि पावती बंद झाली की शहराच्या खर्चाशी असलेला त्या घराचा धागाही सैल होतो. निवडणुकीत घरपट्टी माफीचं आश्वासन देणाऱ्याला हा दुसरा फायदा कळत नसेल, असं मानण्याइतका मी भोळा नाही. उशिरा भरणाऱ्याला दरमहा 2 टक्के शास्ती लागते आणि दर एक-दोन वर्षांनी अभय योजना येऊन ती शास्ती बऱ्याच अंशी पुसून जाते. वेळेवर भरणारा तेवढा दरवेळी मूर्ख ठरतो.

मुंबईची गोष्ट निराळी, कारण तिथे पैसा उदंड आहे. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून मोठा. 2022 मध्ये तिच्या मुदत ठेवी 90 हजार कोटींवर होत्या. त्यांत कर्मचाऱ्यांची भविष्यनिर्वाह रक्कम आणि कंत्राटदारांच्या अनामतीही धरलेल्या असतात, हे ठेवींवरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात. घरपट्टीखेरीज तिची मोठी मिळकत बांधकामातून येते: विकास शुल्क, वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य. याचा अर्थ उघड आहे. इमारती पाडून उंच बांधत राहिलं तरच तिजोरी भरते. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं हा सगळा कारभार निवडून आलेल्या सभेविना, प्रशासकाच्या सहीने चालला. क्रॉफर्डला हेवा वाटला असता.

आता खर्च. गल्लीतलं गटार घ्या. नगरसेवक पत्र देतो, बांधकाम विभागाचा अभियंता टेप घेऊन येतो, दरसूची उघडतो आणि खोदाई, काँक्रीट, लोखंड यांच्या दरांवरून अंदाजपत्रक करतो. सभेत ठराव होतो. प्रशासकीय मान्यता वेगळी, तांत्रिक मान्यता वेगळी. पहिली म्हणते खर्च करायला हरकत नाही, दुसरी म्हणते आकडे बरोबर आहेत. मग ई-निविदा. इथे पहिली युक्ती: काम मोठं असलं तर स्पर्धा मोठी, म्हणून त्याचे तुकडे पाडायचे. एका सलग गटाराची ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ अशी चार कामं का होतात, याचं उत्तर हे. दुसरी गंमत ‘बिलो’ची. अंदाजपत्रकाच्या 25-30 टक्के कमी दराने कंत्राटदार काम घेतो तेव्हा सभागृह पैसे वाचले म्हणून बाकं वाजवतं. अंदाजपत्रक फुगलेलं होतं की गटार बारीक होणार आहे, यांतलं एक तर खरं असलंच पाहिजे.

काम झालं की मोजमाप पुस्तकात नोंद होते. या पुस्तकाला सगळे ‘एमबी’ म्हणतात, आणि नगरपालिकेत खऱ्या अर्थाने सत्ता असलेली वस्तू कोणती विचाराल तर ती हीच. लांबी, रुंदी, जाडी. अभियंत्याने इथे जे लिहिलं तेवढंच गटार जगात अस्तित्वात आलं. देयक निघताना आयकर, जीएसटी, बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर, खडी-वाळूचं स्वामित्वधन, सुरक्षा अनामत असं सगळं कापलं जातं. अनामत दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत पालिकेकडे राहते, म्हणजे त्या मुदतीत गटार खचलं तर कंत्राटदाराने ते फुकट दुरुस्त करायचं. ही मुदत कधी संपते हे गल्लीतल्या लोकांना माहीत असतं तर कितीतरी दुरुस्त्या नव्या खर्चाविना झाल्या असत्या. गटार मुदतीनंतर लगेचच खचतं, आणि नवं अंदाजपत्रक तयार होतं.

गावपातळीवर हीच गोष्ट लहान आकारात दिसते. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घराची आकारणी, नमुना 9 मध्ये मागणी, नमुना 10 म्हणजे तुमच्या हातातली पावती. स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. पण बऱ्याच पंचायतींचं स्वतःचं उत्पन्न एवढं तुटपुंजं की या टक्क्यांतून काही उभं राहत नाही. सगळी मदार वित्त आयोगाच्या पैशावर. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिले. म्हणून ज्या गावाला आधी रस्ता हवा होता तिथेही आधी गटारच होतं.

कर आणि दर यांत एक जुना फरक आहे. कर भरला की त्या बदल्यात तुम्हाला नेमकं काय मिळालं हे विचारता येत नाही. दर किंवा शुल्क भरलं की विचारता येतं. पाणीपट्टी नावाने पट्टी असली तरी स्वभावाने दर आहे, आणि हा फरक छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनी कायद्याचं पुस्तक न उघडता सिद्ध केला. तिथे नळाला वर्षाची ठोक पाणीपट्टी 4050 रुपये होती आणि पाणी यायचं कित्येक दिवसांआड. जायकवाडीचं पाणी दूरवरून उचलून आणायचं, जुन्या जलवाहिन्या फुटतात, वीजबिल प्रचंड. महापालिकेला हा दरही परवडत नव्हता. लोकांचं म्हणणं साधं होतं: पाणी कमी तर पैसे कमी. 2022 मध्ये रक्कम निम्मी, 2025 रुपये झाली. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि पाण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

ठोक पट्टीतला अन्याय वेगळाच आहे. अर्धा इंची नळ म्हणजे सगळ्यांना सारखी रक्कम. बाग शिंपणारा बंगला आणि चढावरच्या गल्लीत चाळीस मिनिटं बारीक धार मिळणारं घर सारखेच पैसे भरतात. वर बंगल्याने नळाला थेट मोटार लावलेली असते, ती वेगळी.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने याला दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. ती तेव्हा साधी नगरपंचायत होती. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने तिने चोवीस तास पाण्याची योजना केली, प्रत्येक नळाला मीटर बसवलं, तेही लांबून वाचता येणारं, आणि दर चढता ठेवला: गरजेपुरतं पाणी स्वस्त, त्यापुढे महाग. लोक म्हणाले असतील, चोवीस तास पाणी म्हणजे नासाडी चोवीस तास. घडलं उलटं. पाणी ठरावीक वेळेलाच येतं तेव्हा माणूस पिंप, हंडे, टाकी सगळं भरून ठेवतो, दुसऱ्या दिवशी नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून देतो, आणि पाणी आल्याचं कळावं म्हणून नळ उघडाच ठेवतो. पाणी कधीही मिळणार हे पक्कं झालं की ही साठवण थांबते. शिवाय नळात सतत दाब असल्याने बाहेरची घाण फटीतून आत येत नाही, आणि गळती कुठे आहे ती रात्री मीटरवर दिसते.

पुण्याने हेच मोठ्या प्रमाणावर करायचं ठरवून जून 2017 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले, 7.59 टक्के व्याजाने. महापालिकेने थेट बाजारातून पैसा उभा केला म्हणून बरंच कौतुक झालं. योजना मात्र वर्षानुवर्षं रेंगाळत राहिली. मलकापूरच्या गल्लीबोळांपेक्षा पुण्याच्या पोटातल्या वाहिन्या शोधणं कठीण, हे मान्य. पण व्याजाला ते कारण सांगता येत नाही.

मुंबईत मीटर आहेत आणि चढता दरही आहे. माणशी रोज 150 लिटरपर्यंत मूळ दर, 200 पर्यंत दुप्पट, 250 पर्यंत तिप्पट, पुढे चौपट. 2022 च्या वाढीनंतर इमारतींसाठी मूळ दर हजार लिटरला 6 रुपये 36 पैसे होता आणि त्यावर 70 टक्के मलनिःसारण आकार. स्टेशनवर बाटलीभर पाण्याला आपण चौदा रुपये देतो. तानसा, भातसा, वैतरणा इतक्या दुरून आलेलं हजार लिटर पाणी त्यापेक्षा स्वस्त आहे. ज्या वस्तीत जोडणी नाही, तिथे मात्र तेच पाणी टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या नळवाल्याकडून कितीतरी पटींनी महाग घ्यावं लागतं. स्वस्त दराचा फायदा नळ असणाऱ्याला मिळतो, आणि नळ मिळवण्यासाठी आधी कागद लागतात.

कचऱ्याला दर लावायचा का, हा आता नवा वाद. 2025 मध्ये मुंबई महापालिकेने मसुदा काढला: 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, त्यावरच्या घरांना 500, तीनशेच्या वर 1000. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण साडेशेहेचाळीस चौरस मीटर. घरपट्टी ज्यांना पूर्ण माफ, त्यांच्याच दारात वर्षाला 1200 रुपयांचं कचऱ्याचं बिल यायचं होतं. विरोध झाला, होणारच होता.

पुण्यात याचं एक वेगळं रूप 2008 पासून चालू आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते आणि महिन्याचं शुल्क रहिवाशांकडून थेट घेते. रक्कम मोठी नाही. पण ते पैसे मागायला कार्यालयातून नोटीस येत नाही. जी बाई रोज बादली रिकामी करते तीच महिन्याच्या सुरुवातीला दारात उभी राहते. घरातली बाई पैसे काढता काढता म्हणते, मागच्या शुक्रवारी आल्या नाहीत, दोन दिवस वास मारत होता. ती म्हणते, ताई, तुम्ही ओला-सुका एकत्र टाकलात, काचेने बोट कापलं माझं. थोडी घासाघीस होते, कधी आवाज चढतो. मग पैसे दिले जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून काही दिवस तरी काचा वेगळ्या पिशवीत येतात.